बरणीतला दुसरा मासा

"माझा मासा कुणीतरी बदलला!" डॉ. जान्हवीने बरणी टेबलावर ठेवली.

खासगी गुप्तहेर सलोनीने बरणीतली मलमलीची पुरचुंडी सोडली. आत बोटभर मासा, शेपटी लालभडक. कुडाळहून धावत आलो ते ह्या आमटीच्या माशासाठी, असं सलोनीसोबत आलेल्या तिच्या भाईमामांना वाटलं.

"माझ्या माशाला मिशा नव्हत्या, ह्याला आहेत," जान्हवी म्हणाली. "गावात दोघांनाही तांबशेपटीच म्हणतात. पण माझ्या माशाची जात निराळी, फक्त इथल्या व्हाळात, ह्या ओढ्यातच सापडणारी. वर्षभरात एकच हाती लागला. तो उद्या संग्रहालयात पोचला नाही, तर जातीला नाव मिळणार नाही. आणि बिननावाच्या माशासाठी खडीची खाण कोण थांबवणार?"

भाई वरमले. चोर सापडल्याशिवाय जेवायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

खोलीत तिघांचीच ये-जा होती. खाणीचा मुकादम विकी फोनवर फणकारला, "धमकी दिलंय, कबूल. पण आठवडोभर मी गोव्यात आसंय!" मागून तिथल्या पोलीस ठाण्याच्या हवालदारानेही दुजोरा दिला.

मदतनीस रश्मी रडवेली झाली. "सगळ्या पुरचुंड्या मीच बांधते." तिने फळीवरच्या बरण्यांतल्या दोन-तीन सोडून दाखवल्या. स्पिरिटातले मासे पांढरेफटक होते.

घरमालक धोंडू व्हाळाकाठच्या काजूबागेतून आला. "बरणीत काय आसा, माका काय म्हायत? मी मासो बघतंय तो पाण्यात."

"विकीनेच माणूस पाठवला!" भाई ठासून म्हणाले.

"मामा, जरा दमानं. स्पिरिटात रंग दोन-चार दिवसांत उडतो. हा अजून लाल, म्हणजे कालपरवा टाकलेला. रश्मीने फळीवरचाच पांढरा मासा उचलला असता. परक्या माणसाने आख्खी बरणीच पळवली असती. पण हा चोर माशाचं गावातलं नाव ओळखतो आणि पुरचुंडी न सोडता उचलतो, म्हणून आतला मासा पांढरा पडलाय हे त्याला दिसलंच नाही. तांबशेपटी म्हणजे शेपटी तांबडीच हवी, असं त्याला वाटलं. त्याने मासा फक्त पाण्यातच बघितलाय. होय ना, धोंडूकाका?"

धोंडूने मान खाली घातली. "व्हाळ राखीव झालो, तर माज्या काजींका पाणी कोण घेवक देतलो? म्हणान घेतलंय. पण फेकूक मन नाय झाला. स्पिरिटासकट गोठ्यात ठेवलंय."

"तुमचं पाणी कुणी तोडणार नाही, त्यासाठी मी तुमच्या बाजूने भांडेन," जान्हवी म्हणाली. "पण खाण आली, तर व्हाळच बुजेल."

धोंडू गोठ्याकडे गेला. माशाची बाटली घेऊन आला, पण ती जान्हवीच्या हातात देईना.

"उद्या संग्रहालयात मी तुमच्या वांगडा येतंय, बाई. वाटेत हेका कोण हात लावता, ता बघतंय!"