पायवाटेतला बदल

साकीनाक्याच्या उडपी हॉटेलात दुपारी एकटीला टेबल मिळणं अशक्य. माझ्या शेजारी एक दाढीवाला मुलगा येऊन बसला आणि मेनूकार्ड सोडून माझ्या लॅपटॉपमध्ये बघायला लागला. असं कोणी डोकावलं की माझ्या डोक्यात जातं.

"काय हवंय?" मी विचारलं.

"सॉरी... इतके कंस दिसले ना, राहवलं नाही. क्लोजर?"

साकीनाक्यात ही प्रोग्रामिंगची भाषा ओळखणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. मी लॅपटॉप सरळ त्याच्याकडे वळवला.

मी नीलम, भांडुपची. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. तक्रारींची वेबसाइट क्लोजरमध्येच करायची, असा हट्ट मीच आमच्या बॉस सुनंदा मॅडमकडे धरला होता. शुक्रवारी ती चालवून दाखवायची, नाहीतर काम दुसऱ्या टीमकडे जाणार. आणि या भाषेत सगळं एकत्र, तयार असं क्वचितच मिळतं. वेबसाइटचं पान बनवायला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला कोड, डेटाबेसला दुसरी, आपणच वेचून जोडायचं. पानासाठी हिकप नावाची घेतली होती.

"म्हणजे उचकी," तो हसला. "लागली की कोण आठवण काढतंय ते बघत जा."

अडलं होतं ते पुढे. वेबसाइटच्या कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं, ते ठरवणारी लायब्ररी सापडत नव्हती.

"ही 'पायवाट' नावाची लायब्ररी का नाही घेत?" त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"तीन वर्षं कोणी हात लावला नाहीये तिला. मेलीये ती."

"मेली नाही गं." तो जरा दुखावल्यासारखा बोलला. "पूर्ण झालीये. काम झालं की क्लोजरवाले उगाच ढवळत बसत नाहीत."

"मेलेली कुठली नि पूर्ण झालेली कुठली, कळायचं कसं?"

"प्रश्न विचारून बघ. मेलेली उत्तर देत नाही."

मी तिथल्या तिथे पायवाटेच्या इंटरनेटवरच्या पानावर प्रश्न टाकला – मराठीतले पत्ते चालतात का? तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. सांबार निवायच्या आत उत्तर आलं – चालतात. खाली नाव, ओजस, मुलुंड. मी शेजारी बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तू लिहिलीयेस? आणि मघापासून गप्प?"

"आपल्याच वस्तूची तारीफ... बरं नाही ना दिसत."

मग रोज दुपारी तेच टेबल. तो पेपर नॅपकिनवर बाण काढून समजवायचा, मध्येच वर बघायचा आणि वाक्य विसरायचा. माझे निम्मे प्रश्न मला आधीच सुटलेले असायचे. हा विचार कसा करतो, तेच मला बघायचं असायचं. सरळ सांगते, मला तो आवडायला लागला होता.

शुक्रवारी वेबसाइट झकास चालली. सांगायला धावत हॉटेलात गेले, तर तो नाही. सोमवारीही नाही.

"ते दाढीवाले?" गल्ल्यावरचे नाना म्हणाले. "त्यांचं ऑफिस दहिसरला गेलं ना."

नंबर घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. आधी त्याचा राग आला, मग स्वतःचा. सांगूनही गेला नाही, म्हणजे त्याच्याकडून विषय संपला होता... असं मी दोन दिवस धरून चालले. मग त्याचंच बोलणं आठवलं, प्रश्न विचारून बघ. पायवाटेच्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असा प्रश्न टाकला – "लिहिणारा अजून आहे का? असेल तर न सांगता का गेला? मला तो आवडतो."

कॉफी गार झाली. उत्तर नाही. पण पानावर वरच्या कोपऱ्यात दिसलं – शेवटचा बदल, आत्ता.

मी उघडून बघितलं. लायब्ररी कशी वापरायची, त्याच्या नमुन्यात इतकी वर्षं 'नमस्कार/पाहुणा' असा पत्ता होता. आता तिथे 'नमस्कार/नीलम' होतं.

मग त्याचं उत्तर आलं – "तुझा शुक्रवार होऊ दे, मग ऑफिस हलल्याचं सांगू म्हटलं. नंतर धीरच झाला नाही. उद्या इडली?"

"येते," मी लिहिलं. "पण पूर्ण झालेल्या गोष्टीला हात का लावलास?"

"एक राहिलं होतं."