सगुणाच्या होडीवरचा मिस्त्री

धरमतरच्या खाडीत मिठाच्या गोण्या घेऊन निघालेली जगनची होडी मध्येच धुरकटली. पेणला जायला म्हणून तिच्यावर चढलेला एक अनोळखी तरुण थेट इंजिनच्या खणात उतरला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

"पंख्याच्या शाफ्टावरचं हे ग्लँड कोणी आवळलं?"

"मी!" सुकाणूवरून सगुणा कडाडली. जगनची ही एकुलती लेक. बापाचा गुडघा गेल्यापासून होडी तीच हाकायची. "शाफ्टाजवळून पाणी आत येत होतं. येऊ देऊ?"

"व्हय, येऊ दे! शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी यायलाच हवं. त्यानंच तो थंड राहतो. तू तर फास लावलास गो त्याला."

"माझ्या होडीत मला शिकवतोस? कोण तू?"

"कमळाकर. रोह्याचा मिस्त्री."

होडी वाहत वाहत काठाच्या चिखलाला लागली. ओहोटीनं पाणी मागं हटलं, तेव्हा त्यानं ग्लँडमधली पॅकिंगची जळकी दोरी ओढून काढली. सगुणानं चरबीत भिजवलेली नवी दोरी कापून दिली... रागारागानं.

"तिरकी कापलीस."

"तुझे डोळे तिरके हायत."

तो हसला. ग्रीसनं माखलेली त्याची बोटं तिच्या बोटांना लागली — आणि तिनं हात मागं घेतला नाही. याचाच तिला जास्त राग आला.

मग तो 'पॅकिंग बघायला' वरचेवर येऊ लागला. पॅकिंगला काही झालेलं नसायचं. तरी दोघं होडीच्या काठावर बसून, अंधार पडेस्तोवर भांडायची.

माघात सगुणाला कासू गावचं स्थळ आलं. तिनं कमळाकरला सांगितलं, आणि श्वास धरून थांबली. तो नट पुसत राहिला.

"बरं असंल स्थळ..."

तिनं त्याचा पाना उचलला आणि खाडीत भिरकावला. "परत तोंड दाखवू नको!"

तो खरंच आला नाही. कासूचे पाहुणे तिला बघायला यायच्या आदल्या दिवशी सगुणा एसटीनं रोह्याला गेली आणि त्याच्या गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"येऊ नको म्हटलं की येत नाय व्हय रे?"

"सगुणा, माझ्याकडं हाय काय? भाड्याची खोली..."

"खोली मागितली मी? मी हवी का नाय, तेवढं बोल!"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. कमळाकरचे कान लालेलाल.

"हवीस... लई दिवसांपासनं."

"मग दातखीळ बसली होती काय?"

गिऱ्हाइकांना 'उद्या या' म्हणत त्यानं दार ओढून घेतलं. "चल."

"कुठं?"

"जगनकाकांकडं. मागणी घालतो. मारतील मला."

"मारू देत," डोळे पुसत सगुणा म्हणाली. "पण आधी माझा नंबर!"