ओमप्रकाशनं ओळखलेला हात

संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन चंद्रभान अकोल्याच्या बसमध्ये बसला, तो काही माया दाटून आली म्हणून नव्हे. ओमप्रकाश मरायच्या आत त्याच्याकडून एकच कबुली हवी होती, की आपण खोटी साक्ष दिली.

एकाहत्तरच्या लढाईत दोघं एकाच तंबूत बसून शत्रूचे बिनतारी संदेश टिपायचे. नुसती टकटक ऐकून पलीकडे कोण बसलाय ते सांगायचे. चालीवरून माणूस ओळखावा तसा प्रत्येकाचा हात वेगळा. चंद्रभान स्वतः संदेश धाडायचा तेव्हा त्याचा शेवटचा ठोका जरा रेंगाळायचा. ओमप्रकाश त्याची नक्कल करू पाहायचा, पण त्याला ती कधी साधली नाही.

पुढे सीमेपलीकडे गेलेल्या एका चोरट्या संदेशाची टेप हेरगिरीच्या चौकशीत वाजवली. ओमप्रकाश म्हणाला, "हात चंद्रभानचा आहे."

झालं! पुराव्याअभावी चंद्रभान सुटला, पण नोकरी गेली. त्याच्या गावात, शेंदूरजनाघाटात, आजही लोक पाठीमागे 'हेर' म्हणतात.

परवा ओमप्रकाशच्या मुलीचा, करिश्माचा फोन आला. "काका, बाबाची वाचा गेली. बोटानं सारखी टकटक करून राहिले. आमाले समजत नाई."

चंद्रभानचा पाय उचलेना, तेव्हा बायको लीलाबाई म्हणाली, "जा. तो गेल्यावर कोणाले विचारसान?"

अकोल्यात दुपारचं ऊन मी म्हणत होतं. खोलीत कूलरची घरघर आणि औषधाचा वास. ओमप्रकाशचं बोट पलंगाच्या दांडीवर चाललं होतं. चंद्रभाननं कूलर बंद करायला सांगितला आणि कान दिला.

अक्षरं जुळेनात. पण शेवटचा ठोका रेंगाळला.

पुन्हा रेंगाळला. चंद्रभानच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा हात आपला!

ओमप्रकाशला तर ही नक्कल कधीच साधली नव्हती; म्हणजे आपल्याशिवायही हा हात कुठून तरी येतो, आणि टेपवरही हाच असणार. ओमप्रकाशनं जे ऐकलं तेच सांगितलं. आणि आपण उभा जन्म त्याला शिव्या घातल्या, त्याच्या पोरीच्या लग्नाचं आवतन परत धाडलं. काय मिळवलं?

"ओमप्रकाश, तू खरंच बोलला होता रे," चंद्रभान म्हणाला. "माफ कर मले."

त्यानं ओमप्रकाशचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. बोटं थांबली.

टकटक चालूच राहिली.

करिश्मा दांडीकडे पाहत राहिली. "काका, मंग हे कोण करून राहिलं?"

चंद्रभाननं खाली पाहिलं. चारही हात एकमेकांत स्वस्थ होते.