पुतणीच्या नावावरचा बदल

"अहवालातले खराब नमुने गायब झालेत. आत्ताच्या आत्ता या!"

पाणी तपासणी खात्याच्या संचालकांचा फोन आला, तेव्हा गावच्या टाकीचं पाणी पिऊन आजारी पडलेल्या मुलांनी रुग्णालय भरलं होतं.

तपासनीस बाई पोचल्या, तोवर निकाल लागल्यातच जमा होता. अहवालाच्या फायली सगळ्यांच्या सामाईक. कुणी, केव्हा, काय बदललं याचा इतिहास संगणक आपणहून ठेवायचा. टाकीचे नमुने वगळणारा बदल विश्लेषक मुलीच्या नावावर होता. ती विभागप्रमुखांची पुतणी.

"पोर चुकली," विभागप्रमुख हळहळले. "भाऊ गेल्यावर मीच वाढवली हिला. सांभाळून घ्या." त्यांच्या टेबलावर छापील तक्ते पसरले होते. तारखांत महिना आधी, दिवस नंतर.

बाई मुलीकडे वळल्या.

"तुझा पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"काकांना. घरच्यांपासून काय लपवायचं?"

"आकड्यांची फाइल कशात उघडतेस?"

"उघडतच नाही. माझा प्रोग्राम ती थेट वाचतो. आणि एक ओळ बदलली तरी मी कारण लिहिते."

बाईंनी जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी लावली. कपाळाला आठी पडली. मग खात्यातला एकेक संगणक उघडून पाहिला आणि सगळ्यांना बोलावलं.

"नमुने वगळले, तर तेवढ्याच ओळी जायला हव्यात. इथे प्रत्येक ओळ बदललीय, कारण सगळ्या तारखांत दिवस-महिन्याची अदलाबदल झालीय. कुणीतरी फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली. तारखांनी त्या संगणकाची सवय उचलली. महिना आधी, दिवस नंतर. असा संगणक इथे एकच आहे. शिवाय या बदलाचं कारणही कोरं सोडलंय. साहेब, पुतणीच्या नावाने तुम्ही आत शिरलात."

विभागप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं.

"टाकी माझ्याच सहीने पास झाली होती," ते पुटपुटले. "निवृत्ती तोंडावर आलीय. हिला काय, दुसरी नोकरी मिळाली असती."

"आणि ती मुलं, काका?" मुलीने विचारलं.

संचालकांनी पोलिसांना फोन लावला.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. पलीकडे काकू होती. "अगं, किती उशीर? दोघांची ताटं वाढू ना?"

मुलीने काकांकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

"तू जेवून घे, काकू," ती म्हणाली. "आमची वाट बघू नकोस."