गळती थांबली तर…

दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच.

"शू…" दारातला तरुण म्हणाला, आणि तिला आत या म्हणायचं सोडून पाठमोरा वळून आतल्या बोळाच्या भिंतीकडे गेला.

तिला आजवर कुणी असं गप्प केलं नव्हतं. ती प्लंबरची मुलगी, आणि वडिलांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून स्वतःच प्लंबर. एक काम हातात असताना दुसऱ्याचा विचार, बसल्या जागी पाय हलवत राहायचं. म्हणून बाबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलेलं. ही भिंगरी रेनकोटमधून पाणी निथळत उंबऱ्यात उभी होती.

"तक्रार काय आहे? नळ, टाकी, की—"

"ऐका ना." त्याने भिंतीला कान लावला होता. "इथे. बारीक सूं… सूं… येतंय. कालपासून सारखं."

भिंत कोरडी ठणठणीत होती. भिंगरीने नाइलाजाने दुसऱ्या बाजूने कान टेकला. आधी काहीच नाही. मग आलं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी फुटावं, तसं काहीतरी. डोळे उघडले तर त्याचा चेहरा वीतभर अंतरावर. भुवईवर लाकडाचा बारीक भुसा.

"आलं ऐकू?"

"आलं," ती म्हणाली, आणि उगाचच भिंतीवर टकटक केली.

तो व्हायोलिनं दुरुस्त करायचा. घर त्याच्या आत्याचं. आत्या वरच्या मजल्यावर, हा खाली. पुढच्या खोलीत तारेवर कपडे वाळत घालावेत तशी व्हायोलिनं टांगलेली, आणि सगळीकडे सरसाचा वास.

तिने भिंत फोडली. तांब्याच्या पाइपवर हिरवट डाग, आणि डागाच्या मधोमध ते भोक. तेवढा तुकडा कापून तिने नवा जोडायला घेतला. कापलेल्या टोकाच्या आतून कानस फिरवत राहिली, तसा तो शेजारी उकिडवा बसला.

"आत तर कुणाला दिसणार नाही."

"पाण्याला दिसतं. आतली धार राहिली की पाणी तिथे भोवरा करतं, आणि भोवरा तांबं खातो."

"आमच्यातही असंच असतं. व्हायोलिन आतून कसं घासलंय, ते बाहेरून कळत नाही. वाजवलं की कळतं."

तिने डाख लावला, सांधा ओल्या फडक्याने पुसून घेतला. म्हणाली, "हे झालं. पण तुमच्याकडे पाण्याला दाब फार आहे. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला नाही, तर आज इथे, उद्या तिथे. व्हॉल्व्ह आणून ठेवा, मी येऊन बसवते."

"आणतो की. लगेच आणतो."

पण लगेच काही येईना. विचारलं की कधी, "दुकानात संपलाय," कधी, "मागवलाय, येईल." मधल्या काळात मात्र बोलावणी यायची. आज मोरीचा नळ घट्ट झालाय, उद्या पाइप भिंतीवर आपटतोय. ती जायची, पाइपला रबर लावून क्लॅम्प आवळायची. तो टॉर्च धरायचा, पण नको तिथे.

"प्रकाश पाइपवर पाडायचा असतो."

"हो… चुकलं."

"माझ्या कानावर काय बघताय?"

"कानामागे माती लागलीय. सांगू की नको, विचार करत होतो."

परतताना तिच्या जिवाला चैन नसायची. गाडीची किल्ली गाडीतच विसरायची, एकाच्या घरचा वॉशर दुसऱ्याकडे न्यायची. फोन वाजला की हातातलं टाकून धावायची, आणि भलत्याचंच नाव दिसलं की चिडायची. बाबा दुकानातल्या खुर्चीवरून बघत असायचे.

"त्या घरात नळ तरी किती आहेत गं?"

"जुनं काम आहे, बाबा. कुरबुरी असतातच."

"असतात, असतात," बाबा म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

मग एका सकाळी फोन आला तो वेगळ्याच आवाजात. ती पोचली तेव्हा तो ओल्या टेबलाशी उभा होता. छतातला पाइप फुटून थेंब थेंब पाणी टेबलावर पडलं होतं, नेमकं एका व्हायोलिनवर. एका संगीतशिक्षिकेने ते विश्वासाने दुरुस्तीला दिलं होतं; गाव सोडून गेलेल्या नवऱ्याची तेवढीच वस्तू तिच्याकडे उरली होती. खालची फळी सुटून ओठासारखी उघडी पडली होती.

भिंगरीने आधी पाणी बंद केलं. तेवढ्यात आत्या पुसायला जुनी चादर घेऊन खाली आल्या.

"आतातरी तो व्हॉल्व्ह बसवून टाक गं बाई. केव्हापासून कपाटावर पडलाय."

"आणलाय?"

"मग? पहिल्यांदा तू येऊन गेलीस ना, त्याच संध्याकाळी आणला."

आत्या चादर ठेवून वर गेल्या.

"का?" तिने विचारलं.

"व्हॉल्व्ह बसला की गळती थांबणार. गळती थांबली की… तुम्ही कशाला याल?"

हेच शब्द कालपर्यंत कानी पडले असते तर ती हवेत तरंगली असती. आता तिच्या डोळ्यांसमोर ती उघडी फळी होती.

"मला बोलवायला पाणी गळावं लागतं का?"

"दुसरं काय निमित्त काढणार होतो?"

"निमित्त कशाला लागतं? बोलवायचं नुसतं." ती शिडीवर चढली. "त्या बाईंना काय सांगणार आहात?"

"खरं ते. माझ्या चुकीने झालं म्हणून."

दिवसभर ती खपली. फुटलेला तुकडा बदलला, दोन काटकोनी वळणं काढून सैल वळणं घातली, व्हॉल्व्ह बसवला, दाब मोजला. निघताना एवढंच म्हणाली, "आता माझी गरज पडणार नाही."

आणि खरंच पडली नाही. फोन येईना. आपणच तर तसं बोललो, मग जीव का टांगलाय, हे तिला कळेना. नीट केलेल्या कामाचा असा राग तिला कधी आला नव्हता. जेवताना उठून दाराशी जायची, परत येऊन बसायची. दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी नेली आणि वळवली.

पुढच्या आठवड्यात ती दुकानाच्या मागच्या बाजूला पाइप घासत होती, तेव्हा बाहेरून बाबांचा आवाज आला.

"या. काय गळतंय?"

"काही नाही."

"मग नळ बिघडला असेल."

"नाही. सगळं उत्तम चाललंय." तो आवाज ओळखून भिंगरीच्या हातातली कानस थांबली. "तुमच्या मुलीला भेटायला आलोय. काम काही नाहीये."

"काम नसताना?"

"काम नसतानाच."

ती बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर काळा फराटा.

"त्या बाई काय म्हणाल्या?"

"सगळं सांगितलं, व्हॉल्व्ह का लपवला तेही. तासभर बोलल्या. मी ऐकून घेतलं. मग फळी चिकटवली, काल त्यांनी वाजवून बघितलं. म्हणाल्या, आता त्या पोरीलाही जाऊन खरं सांग. म्हणून… मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. नदीपर्यंत चालत याल का माझ्याबरोबर?"

बाबांनी पेपर वर धरला. तो उलटा होता.

भिंगरीला हसू आवरेना. "एवढं सांगायला इतके दिवस लावलेस?"

तो 'लावलेस'वरच अडकला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"हात तरी धू गं आधी," पेपराआडून बाबा म्हणाले.

तिने हातांकडे पाहिलं. नखांपर्यंत काळे. ती मागे वळणार, तेवढ्यात त्याने हात पुढे केला. "राहू दे ना."

तिने तसाच काळा हात त्याच्या हातात दिला, आणि दोघं रस्त्यावर उतरले.