एकतीस अंशांच्या लेकी

मादीला टेबलावर पालथं बांधलं होतं. जबड्याला रुंद रबरी पट्टा, डोळ्यांवर ओलं फडकं. प्रतिमायंत्राच्या पडद्यावर तिच्या पोटातली अंडी एकमेकांना खेटून बसलेली दिसत होती. डॉ. नेलिदा ओहेदाने ती दोनदा मोजली. अडतीस.

"तीन आठवड्यांपूर्वीच घालायला हवी होती," ती म्हणाली. "आता कवचावर दुसरं कवच चढायला लागलंय."

डॉ. वसुधा केळुसकर पडद्याजवळ सरकल्या. पाराना नदीकाठच्या पाणथळीतल्या या केंद्रात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, ती सगळी या एका प्राण्यापायी. रुंदमुखा केमन म्हणजे आपल्या मगरीचंच दक्षिण अमेरिकेतलं भावंड. अकरा वर्षांपूर्वी केंद्राने रानात सोडलेल्या पिल्लांपैकी एक्केचाळीस माद्या जगल्या, वाढल्या आणि यंदा पहिल्यांदाच त्यांच्या पोटात अंडी धरली. त्यांच्याखेरीज साऱ्या पाणथळीत मादी उरलेली नव्हती. पण एकीनेही अंडी घातली नव्हती, आणि दोघी तर ती पोटात घेऊनच मेल्या होत्या.

केमनच्या अंड्यात नर की मादी हे आधी ठरलेलं नसतं. ते घरट्याची ऊब ठरवते. एकतीस अंशांना सगळ्या माद्या होतात, तेहतीस अंशांना सगळे नर. त्याहून वर, साडेचौतिसाच्या आसपास, बहुतेक गर्भ मरतात. पण जे तगतात त्यांत पुन्हा थोड्या माद्या निघतात. पाणथळ तापत गेली तशी तळी नुसत्या नरांनी भरली. तेव्हा वसुधाबाईंनी सरळ उपाय काढला होता. रानातलं प्रत्येक अंडं उचलायचं, उबपेटीत एकतीस अंशांना उबवायचं आणि निघालेल्या माद्या रानात सोडायच्या.

अंडी उचलायचं काम सिरिलोचं. तो घोड्यावरून चिखलात शिरायचा, पालापाचोळ्याचं घरटं उकलायचा आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने रेघ ओढायचा, कारण अंडं उलटलं की आतला गर्भ मरतो. त्याच्या घरात वेचण्याचा एक रिवाज होता: घरट्यात एक अंडं आईसाठी ठेवायचं. पहिल्याच वर्षी वसुधाबाईंनी तो मोडायला लावला. तापल्या घरट्यात ते अंडं नर तरी होणार, नाहीतर मरणार; वाया कशाला घालवायचं? सिरिलोने वाद घातला नव्हता. डॉक्टरीणबाई देवापेक्षा काटकसरी आहेत, एवढंच तो म्हणाला होता. आता साठी उलटलेला तोच सिरिलो मादीची शेपटी धरून उभा होता.

"मादी घरटं रचताना त्यात मुस्कट खुपसते," नेलिदा म्हणाली. "जबड्यावरच्या ठिपक्यांनी ती ऊब मोजते. पण ती कशाशी ताडून बघते, ते मला कळत नव्हतं. परवा मेलेल्या दोघींचे मेंदू तपासले तेव्हा कळलं. अंड्यात असताना तिला जी ऊब मिळाली, ती तिच्यात कायमची बसलेली असते. मी तिला ऊबस्मृती म्हणते. तशी जागा सापडेपर्यंत तिचं शरीर अंडी सोडत नाही."

"आणि बाहेर?"

"सगळ्यात थंड जागेत साडेचौतीस. एकतीस कुठेच नाही."

वसुधाबाईंनी चष्मा काढून हातात धरला. "पण जुन्या माद्यांनी तापलेल्या घरट्यांत अंडी घातलीच की."

"त्या तापातूनच आल्या होत्या, वसुधा. थोड्याच होत्या, पण त्यांना ताप ठाऊक होता. त्यांच्या लेकींनाही झाला असता."

त्या लेकी अंड्यातच असताना केंद्राने उचलल्या होत्या. एकही मागे ठेवली नव्हती.

वसुधाबाई सिरिलोकडे वळल्या. "तुम्ही ठेवत होतात ते एक अंडं..."

"ते बहुतेक मेलंच असतं, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "आम्ही काही विचार करून ठेवत नव्हतो. आजा ठेवायचा, म्हणून ठेवायचो."

मादीला अंगणात सोडलं, तेव्हा ती तळ्याकडे गेली नाही. भिंतीच्या कडेकडेने सरपटत ती उबपेट्या ठेवलेल्या उबदालनाच्या मागे पोचली. दालनातली जुनी हवा जिथून बाहेर पडते त्या जाळीशी तिने मुस्कट टेकवलं आणि डोळे मिटले. ती हवा एकतीस अंशांची होती. तासाभराने ती तोंडाने सुकं गवत ओढून आणू लागली.

सिरिलोने उरलेल्या अडतीस जणींना गाडीतून आणलं. आठवड्याच्या आत भिंतीला लागून एकोणचाळीस घरटी उभी राहिली आणि सगळी भरली. केंद्रात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. नेलिदाने भिंत लांबवायचा, आणखी जाळ्या बसवायचा नकाशासुद्धा काढला.

"त्यांच्या लेकी कुठे अंडी घालतील?" वसुधाबाईंनी विचारलं.

"इथेच."

"आणि नाती?"

नेलिदाने पेन्सिल खाली ठेवली. "हळूहळू वाढवू. दर पिढीला अर्धा अंश."

"तेहतिसाला सगळे नर होतात. मधे पायरीच नाही, नेलिदा."

त्या दिवशी घरट्यांतली चौदाशे अंडी उचलून आत आणली. निम्मीच साडेचौतिसाला ठेवावीत, असं नेलिदा पुन्हा पुन्हा सांगत राहिली. दहातली नऊ मरतील. जगलेल्यांतल्या मोजक्याच माद्या, आणि त्या मोठ्या होईपर्यंत दहा वर्षं. निम्म्यांत पुरेशा माद्या निघणार नाहीत, असं वसुधाबाईंचं उत्तर होतं. त्या तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. सगळ्या उबपेट्यांचे काटे त्यांनी स्वतःच्या हाताने साडेचौतिसावर नेले; दालनाची हवा तेवढी एकतिसावरच ठेवली.

तिसऱ्या आठवड्यापासून अंडी मरू लागली. रोज सकाळी त्या प्रत्येक अंडं उजेडावर धरून बघायच्या आणि काळं पडलेलं बाजूच्या टोपलीत ठेवायच्या. सिरिलो टोपली उचलून मागच्या दाराने बाहेर न्यायचा. तिथे, जाळीतून येणाऱ्या त्याच गार हवेत, एकोणचाळीस माद्या आपापल्या रिकाम्या घरट्यांवर राखणीला बसलेल्या असत. कोणी जवळून गेलं की त्या तोंड उघडून फुत्कारत, आणि माणूस दूर गेला की पुन्हा गवतात मुस्कट खुपसून ऊब बघत. ती अगदी बरोबर होती.