चौथ्या टप्प्याचा गडगा

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नेरेओ दोन हातोडे, एक पहार आणि पावाची पिशवी घेऊन क्लेलियाबाईंच्या व्हिलाकडे चढला. खाली समुद्र, वर डोंगर आणि मधल्या उतारावर एकाखाली एक सात टप्पे. प्रत्येक टप्प्याला चुना-माती न घालता नुसत्या दगडांचा गडगा, टप्प्यावर ऑलिव्हची झाडं. असे गडगे रचणारा आता आसपासच्या गावांत नेरेओ एकटाच उरला होता. तरी गेल्या एकोणीस वर्षांत त्याने या व्हिलाच्या फाटकाला हात लावला नव्हता.

बाई गच्चीवर लिंबाच्या कुंड्यांपाशी उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ.

"आलास. मला वाटलं, याही खेपेला कंबर धरली म्हणून सांगशील."

"धरलीच आहे, बाई. पण इडा म्हणाली, गडगा कोसळला तर म्हातारी घरासकट समुद्रात जाईल, मग गावात भांडायला कोण उरणार?"

"खरं बोलते तुझी बायको." बाई हसल्या नाहीत. "चौथ्या टप्प्याचा गडगा आहे. पोट काढलंय त्याने."

नेरेओने पहार खांद्यावर टाकली.

एकोणीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या पावसात, त्याच टप्प्यावर त्याचा थोरला भाऊ एल्वियो काम करत होता. नेरेओनेही यायचं होतं. पोटात दुखतंय असं सांगून तो घरी राहिला आणि भावाची पाठ फिरताच इडाला भेटायला पळाला. दुपारी डोंगराचा तो भाग खचला. आठ दिवस लोकांनी चिखल उपसला, पण एल्वियो सापडला नाही. समुद्राने नेला असं सगळ्यांनी मानलं आणि पाद्रींनी रिकाम्या पेटीवर प्रार्थना म्हटली. ते खोटं दुखणं नेरेओ आणि इडाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

तो कामाला लागला. पुढचे दगड काढून ओळीने मांडले, मागची दगडी चिपांची भर उपसली. दुपार होता होता समुद्रावरून धुकं चढलं. आधी क्षितिज गेलं, मग खालचे टप्पे. लाटांचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा झाला. नेरेओने पाव खाल्ला, हात झटकले आणि पुन्हा पहार घातली. पहार दगडावर आपटली.

तिथे दगड असायला नको होता. भरीच्या मागे डोंगराची माती लागते. इथे मात्र दुसरा गडगा होता. चांगला उंच, घट्ट रचलेला. नेरेओने हात फिरवला आणि त्याच्या अंगावर काटा आला. गडगा रचणारा दगडाची सपाट बाजू नेहमी आपल्याकडे ठेवतो, ओबडधोबड शेपटं पलीकडे जातात. या सगळ्या दगडांची शेपटं नेरेओकडे होती.

म्हणजे रचणारा पलीकडे होता. डोंगराच्या पोटात.

निघून जावं, असं त्याला वाटलं. पाय मात्र हलेनात. त्याने छातीच्या उंचीवरचा एक दगड ओढून काढला. आत पोकळी होती. तिथून कोरडी, उबदार हवा आली आणि तिच्याबरोबर रानबडीशेपेचा वास. एल्वियो दिवसभर तीच चघळायचा.

"एल्वियो?" तो पुटपुटला.

मग अगदी जवळून, खालच्या आवाजात…

"दगड दे."

लहानपणापासून ते असंच काम करत आले होते. एल्वियो रचायचा, नेरेओ हातात दगड द्यायचा. नेरेओने एक दगड उचलून त्या भोकात धरला. तो अलगद त्याच्या हातातून घेतला गेला.

"मी यायला हवं होतं रे…" नेरेओ म्हणाला. "माझं पोट दुखत नव्हतं."

"दगड दे."

त्याने दुसरा दिला. तिसरा दिला. रडत होता, देत होता. देताना त्याला हलकं वाटत होतं, एकोणीस वर्षांचं ओझं एकेका दगडाने उतरत असल्यासारखं. किती वेळ गेला, त्याला कळलं नाही.

"नेरेओ… तू आत कसा गेलास?"

बाईंचा आवाज होता. तो समोरून येत होता, समुद्राच्या बाजूने. नेरेओने डोळे पुसून पाहिलं. समोर हनुवटीपर्यंत गडगा चढला होता, नवा, ओल्या दगडांचा, सपाट बाजू त्याच्याकडे. वर हातभर उजेड उरला होता आणि त्या फटीत क्लेलियाबाईंचा पांढराफटक चेहरा. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला अंधार होता. त्यात कोणी दिसत नव्हतं. बडीशेपेचा वास मात्र अगदी मानेपाशी होता.

"हात दे," बाई म्हणाल्या. "मागे बघू नकोस. हात दे."

त्यांनी त्याची मनगटं धरली आणि मागे रेलल्या. तो उचलला गेला, पण पाय सुटेनात. बाईंची पकड सुटू लागली. तेवढ्यात कोणीतरी मागून त्याला जोराने ढकललं आणि तो वरच्या दगडांसकट बाईंच्या अंगावर कोसळला.

त्या रात्री त्याने इडाला सगळं सांगितलं. "मला एल्वियोने ढकललं," तो म्हणाला. "त्याने मला माफ केलं." आणि तो लहान मुलासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी गावातले दोघे बरोबर आले. त्यांनी उकरून पाहिलं. आत घट्ट माती होती. पोकळी नव्हती, दुसरा गडगाही नव्हता. शनिवारपर्यंत नेरेओने चौथा टप्पा रचून पुरा केला.

रविवारी इडाने त्याचे मंगळवारचे कपडे धुवायला काढले. मग तिने त्याला न्हाणीत हाक मारली.

कोटाच्या पाठीवर वाळलेल्या मातीचे दोन पंजे उमटले होते. इडाने त्यावर आपला तळहात ठेवून पाहिला. पंजे तिच्या हाताहूनही लहान होते, बोटं काडीसारखी.

"हा एल्वियोचा हात नाही," ती म्हणाली.

इडाने पॅन्ट उलगडली. दोन्ही पायांच्या घोट्यांभोवती मातीची आवळलेली बोटं उमटली होती. लांब, जाड, रुंद पेरांची. तो हात दोघांनीही ओळखला.